निजामाचे जोडलेले हात आणि निवेदकाची जागा

सप्टेंबर लागला की आमच्याकडं मोबाइलवर एका ठरावीक घाटाचे व्हिडिओ फिरायला लागतात. सतरा तारखेला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. शाळेत झेंडावंदन असतं, भाषणं असतात, आणि त्याआधी आठ-दहा दिवस हे व्हिडिओ असतात. दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीनं भावाच्या मोबाइलवरून असाच एक व्हिडिओ मला पाठवला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत जवळ आली आणि हळूच म्हणाली, "टीचर, इसमें के लोगां अपने थे क्या?"

मी नांदेडात उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड.ला असताना मुलांच्या प्रश्नाला उलट प्रश्न विचारून त्यांनाच विचार करायला लावा, असं शिकवलं होतं. त्या दिवशी ते काही सुचलं नाही. "सोमवारी सांगते" म्हणून वेळ मारून नेली. शुक्रवार होता, शाळा लवकर सुटणार होती.

घरी आल्यावर तो व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. चार मिनिटांचा. भारदस्त आवाजाचा एक निवेदक, त्याचं नाव कुठंच नाही. रझाकारांच्या जुलमाची हकिगत तो सांगतो. घोडेस्वार, आगी, धावणारी गर्दी अशी चित्रं. मग एक प्रसिद्ध छायाचित्र: निजाम मीर उस्मान अली खान हात जोडून उभे आहेत, समोर सरदार पटेल. वर लाल अक्षरांत १७ सप्टेंबर १९४८, आणि लोखंडी दार आपटल्यासारखा आवाज. तिसऱ्या वेळी मी आवाज बंद करून पाहिलं. काहीच कळेना. घोडेस्वार कुठल्या देशातले, आग कुठली, गर्दी कसली, त्या चित्रांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता. चौथ्या वेळी डोळे मिटून नुसतं ऐकलं, आणि घाबरले. म्हणजे व्हिडिओ सगळा कानात होता. चित्रं नुसती सोबतीला होती.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर काही वाचकांचा गैरसमज होईल. निवेदक सांगत होता त्यातलं बरंचसं घडलेलं आहे. रझाकारांनी लूट केली, माणसं मारली, हजारो कुटुंबं सीमेपलीकडं वऱ्हाडात आणि सोलापूरकडं पळून गेली. बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरला हुतात्मा गोविंदराव पानसऱ्यांचं स्मारक आहे, ते काही कुणी हवेत उभं केलेलं नाही. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा तर आमच्या लातूरचाच वकील. हे नाकारून कुठल्याही मुस्लिम मुलाचं भलं होणार नाही. माझी तक्रार दुसरी आहे.

ते छायाचित्र १७ सप्टेंबर १९४८ चं नाही. ते फेब्रुवारी १९४९ चं आहे. हैदराबादच्या बेगमपेट विमानतळावर पटेल उतरले तेव्हा निजाम त्यांच्या स्वागताला गेले होते, तेव्हाचं. पोलीस कारवाई संपून पाच महिने झाले होते. १७ सप्टेंबरच्या संध्याकाळी निजामांनी शस्त्रं खाली ठेवल्याचं जाहीर केलं ते हैदराबाद रेडिओवरून. म्हणजे तो क्षण ऐकण्याचा होता, बघण्याचा नव्हता. शरणागतीचे सोपस्कार झाले ते जनरल एल एद्रूस आणि जनरल जे. एन. चौधरी या दोन फौजी अधिकाऱ्यांमध्ये. पण रेडिओवरच्या घोषणेचं चित्र काय दाखवणार? म्हणून पाच महिन्यांनंतरचे जोडलेले हात मागं आणले आणि त्या संध्याकाळीला चिकटवले. हा घोळ वर्षानुवर्षं चालू आहे, छापील मजकुरातही आहे.

सोमवारी मी वर्गात एक प्रयोग केला. शाळेच्या मोठ्या पडद्यावर तेच छायाचित्र वीस सेकंद ठेवलं, आणि तीन वेळा दाखवलं. पहिल्या वेळी मराठीत निवेदन, मागं ढोल: अखेर जुलमी राजा शरण आला. दुसऱ्या वेळी उर्दूत, मागं सारंगी: एका सल्तनतीचा चिराग विझतो आहे. तिसऱ्या वेळी मागं काहीच नाही, नुसतं: फेब्रुवारी १९४९, बेगमपेट विमानतळ, संस्थानचे प्रमुख उपपंतप्रधानांचं स्वागत करत आहेत. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला, निजामाच्या चेहऱ्यावर काय दिसतं ते वहीत लिहा. पहिल्या खेपेला बहुतेकांनी लिहिलं "डर". दुसऱ्या खेपेला "ग़म". तिसऱ्या खेपेला "कुछ नहीं", "थके हुए हैं", आणि एकानं "बुड्ढे लग रहे". चेहरा तोच, छायाचित्र तेच.

मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "तो टीचर, तीसरा वाला सच्चा है." मी त्याला विचारलं, तिसऱ्यात मी काय सांगितलं नाही? निजाम हरलेले होते हे सांगितलं नाही. पुढं २६ जानेवारी १९५० ला त्याच निजामांना भारत सरकारनं हैदराबाद राज्याचं राजप्रमुख केलं आणि १९५६ पर्यंत ते त्या पदावर होते, हेही सांगितलं नाही. कोरडं बोललं म्हणून ते पुरं होतं असं थोडंच आहे? मुलगा गप्प बसला, पण वहीत काहीतरी लिहून घेतलं.

हा प्रयोग माझ्या डोक्यातून आलेला नाही. क्रिस मार्कर नावाच्या फ्रेंच दिग्दर्शकानं १९५७ साली 'सायबेरियाहून पत्र' नावाचा चित्रपट केला. त्यात याकुत्स्क गावातल्या एका रस्त्याचं दृश्य आहे: बस जाते, मोटार जाते, मजूर रस्ता तयार करतायत. हेच दृश्य मार्कर लागोपाठ तीनदा दाखवतो. एकदा निवेदन सोव्हिएत राजवटीची स्तुती करतं, एकदा निंदा करतं, एकदा मधला सूर धरतं. आणि मग तो म्हणतो तो मधला सूरही खरा नाही, कारण तोही सायबेरियाचा विपर्यास करतो. आंद्रे बाझँ या समीक्षकानं त्या चित्रपटाबद्दल लिहिताना एक फार उपयोगाची गोष्ट नोंदवली. इतर चित्रपटांत एका दृश्याचा अर्थ पुढच्या दृश्यावरून लागतो, इथं तो कानाकडून डोळ्याकडं जातो. अशा चित्रपटाला त्यानं 'निबंध' म्हटलं. आज ज्याला 'व्हिडिओ एसे' म्हणतात, तो याच घरातला.

'निबंध' या शब्दावर मी भाषा शिकवणारी बाई असल्यामुळं थोडी अडते. फ्रेंच माँतेन्यनं १५८० साली आपल्या लेखनाला जे नाव दिलं त्याचा अर्थ 'प्रयत्न', करून बघणं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ ला 'निबंधमाला' काढली तेव्हा मराठीत शब्द रुळला 'निबंध', म्हणजे नीट बांधलेलं. उर्दूत आम्ही 'मज़मून' म्हणतो, ज्यात विषय आत घेतलेला, सामावलेला आहे. एक शब्द करून बघतो, एक बांधतो, एक सामावून घेतो. मोबाइलवरचे बहुतेक व्हिडिओ मराठी अर्थानं निबंध असतात, आणि तेही फार घट्ट बांधलेले. बघणाऱ्याला हात हलवायला जागा नसते.

पण चित्र, आवाज आणि वाद्य एकत्र करून काही सांगणं ही गोष्ट फ्रान्समधून आली असं समजायचं कारण नाही. ती आपल्या उंबऱ्याशीच होती. लातूरच्या सीमेपलीकडं बसवकल्याण आहे, ते जुनं कल्याणी, चालुक्यांची राजधानी. तिथला राजा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख येतो. पुढं मराठवाड्यातच पैठणला चित्रकथीची एक शैली फुलली. पैठणची ती चित्रं पुण्याच्या केळकर संग्रहालयात बघायला मिळतात: मोठ्या डोळ्यांची, ठसठशीत माणसं, राक्षस, रथ. पैठणला आता कथा सांगणारे उरले नाहीत. कोकणात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजानं ती कला टिकवली, आणि २०२१ साली तिथल्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथी असा असतो: कथेकरी पोथीतलं एकेक चित्र समोर धरतो, ओवी गातो, अर्थ सांगतो, साथीला वीणा, टाळ, हुडूक. चित्र हलत नाही. हलतो तो आवाज, आणि त्यामुळं चित्र हलल्यासारखं वाटतं.

आता आमच्याकडचं उदाहरण. अकबरानं 'हम्झानामा' चितारून घेतला, सुमारे १४०० चित्रं, कापडावरची, आकारानं प्रचंड. काम पंधराएक वर्षं चाललं. त्या पानांच्या एका अंगाला चित्र आहे आणि दुसऱ्या अंगाला मजकूर. अभ्यासक मानतात की चित्र दरबारासमोर धरलं जाई आणि मागच्या बाजूनं मजकूर वाचला जाई. लोक अमीर हम्झाची लढाई बघतायत आणि आवाज चित्राच्या पाठीमागून येतोय.

मला या दोन बैठकांतला फरक महत्त्वाचा वाटतो. पिंगुळीच्या कथेकऱ्याला तुम्ही बघू शकता. त्याचा घसा बसलेला कळतो, तो कुठल्या गावचा ते माहीत असतं, तो चुकला तर समोरची म्हातारी त्याला टोकू शकते. हम्झानाम्याच्या वाचणाऱ्याला कोण टोकणार? तो दिसतच नाही. चित्रच बोलतंय असं वाटतं. निवेदक कुठं बसला आहे, चित्राच्या पुढं की मागं, यावर त्याचं किती ऐकायचं हे ठरतं. व्हिडिओ पाहताना मी आता आधी तेच बघते.

महाराष्ट्रात यंत्र आलं तेही या दोन बैठकांमधूनच. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, दिव्याच्या उजेडानं पडद्यावर मोठी केलेली, भराभर बदलली की माणसं हालचाल करतायत असं वाटे, आणि सोबत निवेदन, संवाद, गाणी. ल्युमिए बंधूंचा सिनेमा मुंबईत आला १८९६ ला, म्हणजे त्याच्या आधीच कल्याणात चित्र, आवाज आणि गाणं एका पडद्याशी बसले होते. आपल्याकडं सिनेमाचा इतिहास सहसा फाळक्यांपासून सांगतात. फाळके मोठेच, पण पटवर्धनांचा एक परिच्छेद तरी हवा होता.

स्वातंत्र्यानंतर आवाज पुन्हा पडद्यामागं गेला, तोही सरकारी होऊन. १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली. चित्रगृहात मुख्य सिनेमाआधी त्यांचा माहितीपट दाखवणं बंधनकारक होतं. माझ्या लहानपणी नांदेडच्या टॉकीजमध्ये आम्ही हे माहितीपट पाहिले आहेत. अब्बा मुद्दाम उशिरा निघायचे, "वो सरकारी वाला निकल जाने दो" म्हणत. धरण, खत, कुटुंबनियोजन, पूर. दृश्य काहीही असो, आवाज तोच: खणखणीत, शंका नसलेला. धरणाचं पाणी पडद्यावर उसळलं की त्या आवाजालाही उसळी येई. शेतकरी पडद्यावर दिसायचा, पण बोलायचा क्वचितच. त्याच्या वतीनं निवेदक बोलायचा.

याच संस्थेत एक विलक्षण काळ येऊन गेला. १९६५ ते ६७ या काळात जाँ भावनगरी तिथं सल्लागार होते आणि त्यांनी तरुण दिग्दर्शकांना मोकळीक दिली. एस. एन. एस. शास्त्रींनी 'आय ॲम ट्वेंटी' केला. देशाबरोबर जन्मलेली वीस वर्षांची मुलं-मुली त्यात स्वतः बोलतात, आणि सरकारच्या पैशानं काढलेल्या चित्रपटात देशाबद्दलची नाराजीही बोलून दाखवतात. सुखदेव यांनी 'इंडिया ६७' मध्ये निवेदक काढूनच टाकला. देश दिसतो, देशाचे आवाज ऐकू येतात, आणि काय समजायचं ते तुमचं तुम्ही.

आणि त्याच सालचा मकबूल फिदा हुसेन यांचा 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर'. हुसेन जन्मले पंढरपुरात, १९१५ साली. आपल्याकडं त्यांचं नाव निघालं की वाद निघतो. मी इथं त्या वादाकडं जात नाही, कारण ही जेमतेम पाव तासाची फिल्म त्या वादाखाली गाडली गेली आहे आणि ती मला बाहेर काढायची आहे. चित्रीकरण राजस्थानातलं. सुरुवातीला हुसेन थोडं बोलतात आणि मग बाजूला होतात. पुढं एक छत्री, एक कंदील, एक जोडा, रस्ते, जनावरं, माणसं. कथा नाही. संगीत एलचुरी विजय राघव राव यांचं. छत्री पुन्हा येते, कंदील पुन्हा येतो, आणि दर वेळी आधीच्या चित्रामुळं आणि खालच्या वाद्यामुळं ती वस्तू वेगळी वाटते. निवेदन नसताना डोळा किती काम करतो, ते मला या फिल्मनं दाखवलं. १९६७ साली बर्लिनच्या महोत्सवात लघुपटाचं सुवर्ण अस्वल तिला मिळालं. वर्गात दाखवली तेव्हा पाच मिनिटांतच मुलं चुळबुळली. "टीचर, कोई बोल नहीं रहा." खरं सांगायचं तर पहिल्यांदा पाहताना मीही चुळबुळले होते. आम्हाला कुणीतरी सांगायला लागतं.

मराठी मुलखातला, आवाजाची जागा सगळ्यांत प्रामाणिकपणे शोधणारा चित्रपट माझ्या मते आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड'. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली. त्यानंतर कवी-गायक विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. घोगऱ्यांचं गाणं पटवर्धनांनी आधी आपल्या 'हमारा शहर' मध्ये घेतलं होतं. म्हणजे हा दिग्दर्शक गेलेल्या माणसाला ओळखत होता, आणि हे तो चित्रपटात लपवत नाही. चौदा वर्षं तो चित्रीकरण करत राहिला. तीन तासांच्या वर लांबीचा तो चित्रपट पुढं नेतात ती शाहिरांची गाणी. दिग्दर्शकाचं निवेदन मोजकंच आहे. तिथं गाणं पार्श्वसंगीत म्हणून येत नाही, साक्षीदार म्हणून येतं. ढोल वाजवून भीती घालणाऱ्या आमच्या त्या चार मिनिटांच्या व्हिडिओशेजारी ठेवून बघा.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडं. "अपने थे क्या?" प्रयोगानंतर मी तिला दोन माणसांबद्दल सांगितलं. एक कासिम रझवी. दुसरे शोएबुल्ला खान, हैदराबादच्या 'इमरोज़' या उर्दू दैनिकाचे संपादक. रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये, पोलीस कारवाईच्या काही आठवडे आधी, त्यांचा भर रस्त्यात खून झाला. नाव दोघांचंही मुसलमानी. व्हिडिओत रझवीचा फोटो होता, शोएबुल्लांचा नव्हता. आणि तिसरी गोष्ट, जी कुठल्याच व्हिडिओत नसते: नेहरूंनी नंतर पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना संस्थानात पाठवलं. त्यांच्या अहवालात कारवाईच्या वेळी आणि नंतर गेलेल्या जिवांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा आहे, आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदरबरोबर आमचं नांदेड आहे. रझाकारांचे अत्याचारही त्यात नोंदलेले आहेत. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर भावांना जीव धोक्यात घालून वाचवलं, हेही त्याच अहवालात आहे. कित्येक दशकं तो प्रसिद्धच झाला नाही.

मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मेरी परनानी को मालूम है." तिथून आमचा व्हिडिओ सुरू झाला.

परनानी तेव्हा आठेक वर्षांची होती. आता पंच्याऐंशीच्या आसपास. पाच मुलं आणि मी तिच्या घरी गेलो. मोबाइल समोर धरला तसा तिनं पदर ओढला. "आवाज लेव. सूरत नक्को." म्हणजे चेहरा नाही. मग दाखवायचं काय? मुलांनी तिचे हात टिपले, ती अडकित्त्यानं सुपारी कातरत होती. ते दिवस कसे होते ते ती सांगू लागली. गावातले लोक आले तेव्हा तिची अम्मी चार लेकरं घेऊन ज्वारीत शिरली. सप्टेंबरची ज्वारी, माणसाच्या डोक्यावरून गेलेली. दोन रात्री तिथं. मग गावच्या पाटलांनी त्यांना वाड्यात नेऊन धान्याच्या बळदात ठेवलं. त्याच पाटलांच्या घरच्या बायका चार महिन्यांपूर्वी रझाकारांच्या भीतीनं वऱ्हाडात पळाल्या होत्या आणि नुकत्याच परत आल्या होत्या. परनानीच्या अब्बांचं काय झालं ते तिनं सांगितलं नाही. त्या ठिकाणी आल्यावर ती थांबली आणि अडकित्ता चालत राहिला. कट, कट, कट. रेकॉर्डिंगमध्ये ते जवळपास चाळीस सेकंद आहे.

एडिटिंग करणाऱ्या मुलाला ते काढायचं होतं. "टीचर, लोगां समझेंगे आवाज बंद हो गया." दुसऱ्यानं तिथं सारंगी टाकून पाहिली. ऐकल्यावर त्यालाच लाज वाटली, न सांगता काढली. शेवटी तो भाग आहे तसा ठेवला.

खरी अडचण ज्वारीची झाली. १९४८ चं त्या गावाचं छायाचित्र कुठून आणणार? नेटवरून कुठलंही शेत घ्यायचं नाही, एवढं मुलांचं ठरलं होतं, निजामाच्या हातांची गोष्ट ताजी होती. म्हणून ती खरं ज्वारीचं शेत शोधायला निघाली. सप्टेंबरात नांदेडच्या आसपास दोन रविवार फिरली. जिकडं जावं तिकडं सोयाबीन. पावसाळी ज्वारी गेली, तिच्या जागी सोयाबीन आलं, हे आम्ही भूगोलात शिकवतोच. पण ते शेत बघून एक मुलगी म्हणाली, "इसमें तो बकरी भी नहीं छुपती." खरंच, गुडघ्या-मांडीपर्यंतचं पीक. शेवटी मुलांनी सोयाबीनच टिपलं, लांबवर सपाट, हिरवं, वाऱ्यानं हलणारं. आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलीनं निवेदन लिहिलं, स्वतःच्या आवाजात: मी नववीत शिकते. या माझ्या परनानी आहेत. आम्ही ज्वारी शोधली, जवळपास मिळाली नाही, हे सोयाबीन आहे. एवढंच. मग परनानीचा आवाज सुरू होतो, आणि डोक्यावरून गेलेल्या ज्वारीची हकिगत त्या उघड्या शेतावर चालू राहते. बघणारा आपोआप शेतात लपायला जागा शोधायला लागतो.

सहा मिनिटांचा व्हिडिओ झाला. सतरा तारखेला दाखवला नाही, तयार व्हायलाच ऑक्टोबर उजाडला. खाली मराठी ओळी मी लिहिल्या, कारण परनानीची दखनी सगळ्यांना कळेल असं नाही. पहिल्यांदा तो बघायचा मान तिचाच. मोबाइल डोळ्यांजवळ धरून तिनं शेवटपर्यंत पाहिला. सोयाबीनबद्दल काही बोलली नाही. मग पणतीला म्हणाली, खाली काय लिहिलंय ते वाचून दाखव. पणतीनं वाचलं: "मग शेजारच्या पाटलांनी आम्हाला घरात घेतलं."

"मैं मामू बोली थी," परनानी म्हणाली. "पाटील-मामू. शेजारचे काय कू लिखे?"

ती ओळ माझी होती. मराठीत 'मामू' कसं बसेल म्हणून मीच बदललं होतं. त्याच रात्री मुलांनी ती दुरुस्त केली.